हमीपत्राच्या पलीकडे

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले. आपल्या देशातील मोबाइल सेवेचा आरंभ या संभाषणापासून मानला जातो. त्या काळी हे उपकरण धनिकांच्या हाती शोभणारी चैनीची वस्तू होते. आज भाजी विकणारी बाई त्यावर पैसे स्वीकारते, रिक्षावाल्याला गिऱ्हाईक त्यावरून मिळते, आणि बँकेचा व्यवहार पुरा करण्यासाठी लागणारा सांकेतिक क्रमांक त्याच्याच पडद्यावर उमटतो. असे उपकरण बिघडले म्हणजे केवळ गैरसोय होते असे नाही. कित्येकांचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो.

समजा, रायपूरमधील एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १४,००० रुपयांना नवा मोबाइल घेतला. बाराव्या दिवशी तो आपोआप बंद पडू लागला. बाई दुकानात गेल्या. दुकानदाराने फोन हातातही न घेता सांगितले, की आम्ही केवळ विकतो. तक्रार असल्यास कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जा. सेंटरमध्ये फोन ठेवून घेण्यात आला, आठ दिवसांनी परत मिळाला, आणि चार दिवसांनी पुन्हा बंद पडला. पुढे काय होते हे वाचकांपैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक असेल. तिसऱ्या चौथ्या खेपेनंतर ग्राहक कंटाळतो आणि जुन्या फोनवर काम चालवू लागतो, किंवा कर्ज काढून दुसरा घेतो.

या साऱ्या प्रकारात एक गैरसमज दडलेला आहे, आणि तो दुकानदाराइतकाच ग्राहकाच्याही मनात असतो. तो असा, की खोक्यातून निघालेल्या हमीपत्रावर जे छापले आहे तेवढाच आपला हक्क. वस्तुतः हमीपत्र हे उत्पादकाने आपण होऊन दिलेले एक आश्वासन आहे. त्याच्या आधीपासून आणि त्याहून निराळा असा एक हक्क कायद्याने ग्राहकाला दिलेला आहे, आणि तो प्रथमतः ज्याने पैसे घेतले त्या विक्रेत्याविरुद्ध आहे. तो हक्क कोठून आला आणि कोठपर्यंत पोहोचतो, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

सावध कोणी राहावे?

खरेदी करणाऱ्याने स्वतःच सावध राहावे, माल पारखून घ्यावा आणि मागाहून तक्रार करू नये, असे एक जुने विधितत्त्व आहे. इंग्रजी कायद्यात त्याला मोठे स्थान होते आणि तेथूनच ते आपल्याकडे आले. गुरांच्या बाजारात किंवा धान्याच्या पेठेत, जेथे घेणारा आणि देणारा दोघेही मालाचे जाणकार असत, तेथे हे तत्त्व अन्यायाचे नव्हते. बैलाचे दात पाहता येतात, ज्वारी मुठीत घेऊन चावून पाहता येते. मोबाइलच्या आतील मंडलफलक मात्र दुकानाच्या काउंटरवर कोणालाही पारखता येत नाही, आणि खरे म्हणजे तो दुकानदारालाही पारखता येत नाही.

१९३० च्या माल विक्री अधिनियमाने या तत्त्वाला मुरड घातली. तोपर्यंत मालविक्रीचे नियम १८७२ च्या करार अधिनियमातील एका प्रकरणात होते. ते काढून हा स्वतंत्र कायदा करण्यात आला. त्याच्या १६ व्या कलमानुसार, एखाद्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून तो माल वर्णनावरून विकत घेतला, तर तो बाजारात विकण्याजोग्या प्रतीचा असला पाहिजे अशी अट त्या व्यवहारात गृहीतच धरली जाते. ती कागदावर लिहावी लागत नाही. ग्राहकाने माल तपासला असेल, तर ज्या उणिवा त्या तपासणीत दिसायला हव्या होत्या त्यांच्याबद्दल मात्र ही अट लागू होत नाही. काचेवरचा ओरखडा पाहून घेतलेल्या फोनची त्या ओरखड्याबद्दल तक्रार चालणार नाही. आतील बिघाडाची चालेल.

हाच कायदा 'अट' आणि 'हमी' यांत भेद करतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. व्यवहाराच्या मुख्य हेतूशी जी गोष्ट निगडित असते ती अट. तिचा भंग झाल्यास खरेदीदार व्यवहारच मोडू शकतो, म्हणजे माल नाकारून पैसे परत मागू शकतो. जी गोष्ट मुख्य हेतूला आनुषंगिक असते ती हमी. तिच्या भंगाबद्दल नुकसानभरपाई मिळते, परंतु माल नाकारता येत नाही. रोजच्या बोलण्यात आपण 'वॉरंटी' हा शब्द मोठ्या विश्वासाने उच्चारतो. कायद्याच्या या परिभाषेत मात्र ती दोहोंपैकी दुबळी बाजू आहे, ही थोडी गमतीची गोष्ट म्हटली पाहिजे.

आता येथे विलंबाचा प्रश्न येतो. खरेदीदाराने एकदा माल 'स्वीकारला' की, सामान्यतः अटीच्या भंगाकडेही हमीचा भंग म्हणूनच पाहिले जाते, म्हणजे माल नाकारण्याचा हक्क जातो आणि केवळ भरपाईचा उरतो. स्वीकारला असे केव्हा मानायचे? कलम ४२ सांगते, की खरेदीदाराने तसे कळवले तर, मालाचा विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असा वापर केला तर, किंवा वाजवी मुदत उलटून गेल्यावरही आपण माल नाकारीत आहोत असे न कळवता तो जवळ ठेवला तर. म्हणून गप्प राहणे हे ग्राहकाला सर्वांत महाग पडते. बिघाड लक्षात येताच, शक्य तर त्याच दिवशी, विक्रेत्याला लेखी कळवले पाहिजे. पत्र, ई-मेल, किंवा ज्याची नोंद राहील असा कोणताही संदेश चालेल.

कलम ४३ मध्ये याहूनही उपयुक्त अशी एक तरतूद आहे, पण ती फारशी कोणाला माहीत नसते. माल नाकारण्याचा हक्क असलेल्या खरेदीदाराने तो नाकारला, तर वेगळा करार नसल्यास तो माल विक्रेत्याकडे नेऊन पोहोचवण्याचे बंधन त्याच्यावर नाही; आपण नाकारला आहे एवढे कळवणे पुरेसे असते. सबब, दुकानदाराने फोन काउंटरवरून परत सरकवला म्हणून ग्राहकाचा नकार निष्फळ ठरत नाही.

या जुन्या कायद्याच्या दोन मर्यादा होत्या. एक म्हणजे त्यातील गृहीत अटी स्पष्ट कराराने वगळण्याची मुभा त्यातच दिलेली होती. दुसरी अधिक व्यावहारिक होती: चौदा हजारांच्या वस्तूसाठी दिवाणी दावा लावणे कोणालाही परवडत नव्हते. हक्क होता, पण तो मिळवण्याचा खर्च हक्काच्या किमतीपेक्षा मोठा होता.

१९८६ आणि २०१९

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी आपल्या संसदेला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाच्या चार हक्कांचा उल्लेख केला: सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा. भारतातही १९७० नंतर ग्राहकांच्या संघटना उभ्या राहू लागल्या. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली आणि अहमदाबादचे ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र १९७८ साली स्थापन झाले. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, आणि पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, आपल्या ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या कायद्याने जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तीन पातळ्यांवर ग्राहकांसाठी स्वतंत्र न्यायव्यवस्था निर्माण केली. त्याची जागा आता २०१९ च्या अधिनियमाने घेतली असून तो जुलै २०२० मध्ये अंमलात आला. हा कायदा अन्य कायद्यांना बाधा न आणता त्यांना पूरक असा आहे. म्हणून १९३० च्या कायद्यातील हक्क शाबूत राहून त्यांत भर पडते.

नव्या कायद्यातील 'दोष' या शब्दाची व्याख्या काळजीपूर्वक वाचण्याजोगी आहे. मालाची प्रत, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा दर्जा यांतील कोणतीही उणीव म्हणजे दोष. आणि हा दर्जा कायद्याने ठरवलेला असो, उघड वा गर्भित कराराने ठरलेला असो, किंवा व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे दावा केलेला असो. या शेवटच्या शब्दांत मोठे सामर्थ्य आहे. जाहिरातीत फोन पाण्याच्या टाकीत बुडवून दाखवायचा आणि हमीपत्रात मात्र पाण्याने झालेला बिघाड वगळायचा, ही रीत आता सर्वपरिचित आहे. जाहिरात हाही दावाच असल्याने, अशा वेळी ग्राहकाने हमीपत्राबरोबर जाहिरातीचीही प्रत आयोगापुढे ठेवावी. ऑस्ट्रेलियात याच स्वरूपाच्या जाहिरातींबद्दल एका मोठ्या मोबाइल कंपनीला २०२२ साली तेथील संघीय न्यायालयाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

दुसरी महत्त्वाची तरतूद 'अनुचित व्यापार प्रथा' या व्याख्येत आहे. विकलेला सदोष माल परत घेण्यास आणि त्याचे पैसे परत देण्यास नकार देणे ही आता स्वतःच अनुचित व्यापार प्रथा ठरते. त्यासाठीची मुदत बिलात किंवा पावतीत नमूद असेल ती; तशी नमूद नसेल तर तीस दिवसांची. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य अजूनही असंख्य पावत्यांच्या तळाशी छापलेले आढळते. सदोष मालाच्या बाबतीत ते वाक्य ग्राहकाला बांधत नाही. तथापि या तरतुदीचा उलट अर्थही काढता कामा नये. रंग आवडला नाही, शेजाऱ्याला तोच फोन पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाला, किंवा घरच्यांना पसंत पडला नाही, एवढ्यावरून निर्दोष माल परत देण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्या कायद्यात नाही. काही दुकाने आणि ऑनलाइन विक्रेते तशी सवलत देतात. ती त्यांची सवलत होय.

बिलावर सात किंवा दहा दिवसांची मुदत छापली असेल तर काय, असा प्रश्न विचारला जाईल. ती मुदत असेपर्यंत परतीची मागणी करणे अर्थातच सर्वांत सोपे. पण ती उलटली म्हणजे सगळेच संपले असे मात्र नाही. मुदतीनंतरही फोनमधील दोष हा दोषच राहतो, आणि त्याबद्दल आयोगाकडे तक्रार करण्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांचा अवधी असतो. दुकानाची मुदत आणि कायद्याची मुदत यांची गल्लत करू नये, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

इंटरनेटवरून केलेल्या खरेदीसाठी जुलै २०२० मध्ये स्वतंत्र नियम काढण्यात आले. त्यांनुसार माल सदोष असल्यास, बनावट असल्यास किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसल्यास तो परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. ज्या संकेतस्थळावर अनेक विक्रेत्यांचा माल मांडलेला असतो, त्याने प्रत्येक विक्रेत्याची माहिती ग्राहकाला उपलब्ध करून दिली पाहिजे. तक्रार निवारण अधिकारी नेमणेही आवश्यक आहे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा. 'आम्ही केवळ मध्यस्थ आहोत' हे उत्तर येथे वारंवार ऐकू येते. ते कधीकधी खरेही असते. पण मग प्रत्यक्ष विक्रेता कोण, हे सांगण्याची जबाबदारी त्या मध्यस्थावरच येते.

सर्व्हिस सेंटरच्या खिडकीवर

तीस दिवस गेल्यानंतर बहुतेक ग्राहकांना सर्व्हिस सेंटरची वाट धरावीच लागते, आणि तीत गैर काही नाही. हमीपत्र हे दुबळे असले तरी निरुपयोगी नाही. मात्र तेथे जाताना आपण दुरुस्तीबरोबर पुरावाही गोळा करीत आहोत याचे भान असावे.

प्रत्येक मोबाइलला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. फोनवर *#०६# दाबल्यास तो दिसतो. खोक्यावरही छापलेला असतो. हा क्रमांक बिलावर लिहून घेणे फार आवश्यक आहे, कारण विकलेला फोन आणि बिघडलेला फोन एकच आहे हे त्यावरूनच सिद्ध होते. दिल्लीचे नेहरू प्लेस, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारांत बिलाशिवाय थोडा स्वस्त भाव सांगितला जातो. ते हजार पाचशे रुपये वाचवताना ग्राहक आपल्या हातातला सर्वांत भक्कम कागद सोडून देतो. मागूनही बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापार प्रथाच आहे.

सेंटरमध्ये फोन दिला की तेथील माणूस एक जॉब-शीट तयार करतो. ग्राहक सामान्यतः ती न वाचता सही करतो. तिच्यात तक्रारीचे वर्णन कसे लिहिले आहे ते पाहिले पाहिजे. 'फोन आपोआप बंद पडतो, तिसऱ्यांदा तीच तक्रार' असे लिहिलेले असणे आणि 'सॉफ्टवेअर अपडेट' एवढेच लिहिलेले असणे यांत आयोगापुढे जमीन-अस्मानाचे अंतर पडते. फोनची बाह्य स्थितीही लिहून घ्यावी. नाही तर परत घेताना कोपऱ्यावर आढळलेली चीर कोणाच्या हातून पडली हा वाद सुरू होतो. फोन देण्यापूर्वी आपली छायाचित्रे व नोंदी अन्यत्र उतरवून ठेवाव्यात, कारण दुरुस्तीत त्या बहुधा पुसल्या जातात आणि तसे होईल अशी संमती त्याच जॉब-शीटवर आपण दिलेली असते. फोन परत मिळाल्याची तारीखही महत्त्वाची असते. किती दिवस उपकरण आपल्या हाती नव्हते, याचा हिशेब तिच्यावरून मांडता येतो.

पाण्याचा मुद्दा येथे निराळा सांगितला पाहिजे. अनेक फोनांच्या आत एक लहानशी पट्टी चिकटवलेली असते. ओल लागली की तिचा रंग बदलून लालसर होतो. सेंटरमधील तंत्रज्ञ ती दाखवून हमी रद्द झाल्याचे सांगतो. ही पट्टी ओल लागल्याचे दर्शवते हे खरे; पण बिघाड त्या ओलीमुळेच झाला हे ती दर्शवत नाही. आयोगापुढे हा भेद मांडता येतो. तथापि जो फोन खरोखरच बादलीत पडला होता त्याच्यासाठी हा युक्तिवाद करण्यात वेळ दवडू नये, असे आम्हांला वाटते.

किती वेळा दुरुस्ती झाल्यावर नवा फोन मिळालाच पाहिजे? आपल्या कायद्यात असा आकडा कोठेही दिलेला नाही. २००६ साली मोटारीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, हमीनुसार सदोष भाग बदलून देण्याचेच बंधन उत्पादकावर असताना संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश टिकू शकत नाही, असे मत दिले. मोबाइल कंपन्यांचे वकील आजही या निकालाचा आधार घेतात. त्याला उत्तर एकच: भाग बदलूनही दोष गेला नाही, हे तारीखवार दाखवणे. चार जॉब-शीट, चारही वेळा तीच तक्रार, आणि प्रत्येक वेळी निराळा भाग बदललेला, हा पुरावा एखाद्या मोठ्या वकिलाच्या भाषणापेक्षा अधिक बोलका ठरतो. व्याख्या, कलमे आणि निवाडे यांच्या या जंगलात सामान्य ग्राहकाचे खरे शस्त्र हे जपून ठेवलेले कागद होत.

फोन हप्त्यांवर घेतला असल्यास आणखी एक पथ्य पाळावे. कर्ज देणारी कंपनी आणि फोन विकणारा दुकानदार यांच्याशी झालेले करार बहुधा वेगवेगळे असतात. फोन बिघडला म्हणून रागाने हप्ता थांबवला, तर दुकानदाराचे काही बिघडत नाही. ग्राहकाची पत मात्र बिघडते. हप्ते चालू ठेवून व्याजाची रक्कम तक्रारीत नुकसान म्हणून मागणे हा मार्ग अधिक शहाणपणाचा.

आयोगाकडे

औपचारिक तक्रारीपूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून पाहावी. तिचा निर्णय बंधनकारक नसतो, पण कंपन्यांची कार्यालये तिच्या पत्रांना उत्तरे देतात आणि अनेक प्रकरणे तेथेच मिटतात. त्यानंतर विक्रेता व उत्पादक या दोघांना लेखी नोटीस पाठवावी. कायद्याने ती सक्तीची नाही. तरीही आपण संधी दिली होती हे तिच्यामुळे दिसते.

तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे करावयाची. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण या आयोगाच्या कक्षेत येते, म्हणून मोबाइलचा वाद येथेच येणार. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील आवश्यक नाही. तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो. २०१९ च्या कायद्याने केलेली सर्वांत मोठी सोय ही, की तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पूर्वी पाटण्याच्या ग्राहकाला कंपनीचे कार्यालय शोधीत बंगळूरला जावे लागण्याची भीती असे; ती आता उरलेली नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते, आणि विनंती केल्यास सुनावणी दूरचित्रसंवादाने होऊ शकते.

तक्रार कोण करू शकतो हाही प्रश्न येतो. ज्याने फोन विकत घेतला तो तर ग्राहक आहेच. पण त्याच्या संमतीने जो वापरतो तोही ग्राहकच. मुलाने आईला भेट दिलेल्या फोनची तक्रार आई करू शकते. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी माल घेणारा मात्र वगळलेला आहे. रायपूरच्या आपल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना हे बंधन आड येणार नाही: स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायदा व्यापारी कारणात मोजत नाही. नोंदणीकृत ग्राहक संघटनाही ग्राहकाच्या वतीने तक्रार करू शकते, आणि ज्याला लिहिण्यावाचण्याची अडचण आहे त्याने ही वाट जरूर धरावी.

सामनेवाला म्हणून कोणाचे नाव घालावे? आमचा सल्ला असा, की विक्रेता व उत्पादक दोघांचेही. गोव्यातील एका ग्राहकाला नव्या मोटारीऐवजी आधीच्या सालातील मोटार मिळाल्याच्या प्रकरणात, २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला जबाबदारीतून मुक्त केले, कारण विक्रेत्याच्या त्या कृत्याची माहिती उत्पादकाला असल्याचे सिद्ध झाले नव्हते. विक्रेत्याचे अपराध उत्पादकाला आपोआप चिकटत नाहीत, आणि उत्पादनातील दोषाबद्दल एकटा विक्रेता हात वर करू पाहतो. दोघेही समोर असले म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याचा खेळ आयोगाच्या डोळ्यांदेखत होतो.

तक्रारीची प्रत मिळाल्यावर सामनेवाल्याने ३० दिवसांत आपले म्हणणे मांडावयाचे असते. आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. जो दोष तपासणीवाचून ठरवता येत नाही त्यासाठी आयोग फोन योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो, आणि त्याचे शुल्क तक्रारदाराकडून आधी भरून घेतो. हमीपत्रात किंवा अटींच्या बारीक छपाईत 'वाद लवादाकडे जाईल' असे कलम असले, तरी त्याने आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले आहे.

कायद्याने तक्रारीच्या निकालासाठी तीन महिन्यांची, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांची मुदत घातली आहे. ती बहुसंख्य ठिकाणी पाळली जात नाही, हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे. आयोगांतील अध्यक्ष व सदस्यांची पदे इतकी रिकामी राहू लागली, की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. वर्ष दोन वर्षे वाट पाहण्याची तयारी ठेवूनच तक्रार करावी. दोन्ही पक्षांना मान्य असल्यास आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. मोबाइलसारख्या वस्तूच्या बाबतीत, जिची किंमत दर महिन्याला घसरते, आज मिळणारा नवा फोन दोन वर्षांनी मिळणाऱ्या संपूर्ण भरपाईपेक्षा पुष्कळदा अधिक उपयोगी असतो.

दोष सिद्ध झाल्यास आयोग तो दूर करण्याचा, फोन बदलून देण्याचा किंवा किंमत व्याजासह परत करण्याचा आदेश देऊ शकतो. शिवाय झालेल्या नुकसानीची भरपाई व तक्रारीचा खर्च. यांपैकी काय हवे ते तक्रारीत नेमके लिहावे. न मागितलेली गोष्ट मिळण्याची शक्यता थोडी.

फोनने इजा केली तर

आतापर्यंतचे विवेचन न चालणाऱ्या फोनबद्दल झाले. बॅटरी फुटून हात भाजला किंवा अंथरुण पेटले, तर प्रश्न वेगळ्या प्रकरणात जातो. त्याला २०१९ च्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' असे नाव असून, सदोष उत्पादनाने शरीराला किंवा अन्य मालमत्तेला झालेल्या हानीबद्दल उत्पादकाला त्यात जबाबदार धरले जाते. उत्पादकाने निष्काळजीपणा केला नव्हता असे त्याने सिद्ध केले, तरीही हमीपत्रात उघडपणे दिलेले आश्वासन खोटे ठरल्यास तो सुटत नाही. या प्रकरणातील 'हानी'त खुद्द त्या उत्पादनाची हानी धरलेली नाही. म्हणून जळालेल्या फोनची किंमत दोषाच्या तक्रारीखाली मागावी आणि भाजलेल्या हाताची भरपाई उत्पादन दायित्वाखाली. दोन्ही मागण्या एकाच अर्जात करता येतात. फोनचा वापर चुकीचा झाला किंवा त्यात फेरबदल केला होता, असा बचाव विक्रेता घेईल. बाहेरच्या दुकानातून स्वस्त बॅटरी बसवलेली असल्यास हा बचाव सबळ ठरतो.

२०१६ मध्ये बॅटऱ्या पेट घेऊ लागल्याने एका नामांकित कंपनीला सॅमसंग गॅलक्सी नोट ७ हा फोन जगभरातून परत बोलवावा लागला. तेव्हा आपल्याकडे असा माल परत बोलावण्याचा आदेश देणारे ग्राहकविषयक प्राधिकरण नव्हते. जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आता तो अधिकार आहे. एकाच प्रकारच्या फोनमध्ये अनेकांना तोच धोका आढळल्यास प्राधिकरणाकडे कळवावे; व्यक्तिगत भरपाईसाठी मात्र आयोगाकडेच जावे लागते.

आदेशानंतर

निकाल बाजूने लागला तरी पैसे हातात पडेपर्यंत काम पुरे होत नाही. सामनेवाला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकतो. पण त्यासाठी आदेशातील रकमेपैकी निम्मी रक्कम त्याला आधी भरावी लागते. अपील न करता त्याने केवळ स्वस्थ बसण्याचे ठरवले, तर जिल्हा आयोगाकडेच अंमलबजावणीचा अर्ज करावा. हा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येतो. शिवाय आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाच्या कलमाखाली अर्ज दाखल झाला आणि समन्स दुकानाच्या पत्त्यावर पोहोचले, की वर्षभर न सापडलेला धनादेश बहुधा आठवड्याभरात सापडतो.